चौदाव्या मणक्याची कुळकथा

खामगाव-मलकापूरकडच्या काळ्या रानात कापसाच्या वेचणीला ओळीने वाकलेल्या बाया दोन प्रहरी क्षणभर सरळ होतात, तेव्हा त्यांचे हात आपोआप कमरेवर जातात आणि अंगठे पाठकण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगडीच्या किंचित खाली रुततात. बुलढाणा जिल्ह्यातल्या कष्टकरी देहांना ठाऊक असलेल्या या जागेची नोंद चीनच्या वैद्यकीय दप्तरात सुमारे दोन हजार वर्षांपासून आहे आणि तेथे तिचे नाव ‘शेन्शू’, म्हणजे मूत्रपिंडाचा बिंदू.

हान राजवटीच्या सुमारास आकारास आलेल्या ‘लिंगशू’ या ग्रंथाच्या ५१ व्या अध्यायात पाठीवरील बिंदूंची मोजदाद आहे. मानेखालच्या पहिल्या मणक्यापासून उतरत गेले असता तिसऱ्याशी फुप्फुस, पाचव्याशी हृदय, नवव्याशी यकृत, अकराव्याशी प्लीहा आणि चौदाव्याशी मूत्रपिंड, असा तो क्रम. बरगड्यांचे बारा मणके सोडले की हा चौदावा म्हणजे कमरेचा दुसरा मणका ठरतो. कण्याच्या दोहों अंगांच्या बिंदूंत तीन ‘छुन’ अंतर असावे असे त्यात सांगितले आहे, आणि छुन हे माप रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीवरून घेतात, त्यामुळे धिप्पाड गड्याचा व कृश म्हातारीचा बिंदू आपापल्या देहाच्या हिशोबाने सापडतो. परंतु मोजदादीहून मोलाची वाटते ती पुढची कसोटी : त्या जागी दाबून पाहावे, आतून प्रतिसाद येऊन वेदना शमली, तर बिंदू सापडला असे समजावे. सिद्धान्ताचा डोलारा कितीही उंच असो, त्याचा पाया दुखणाऱ्या देहावर फिरलेल्या बोटांनी घातला, याचा हा लेखी दाखला आहे.

त्याच अध्यायात या जागी शेक द्यावा, सुई टोचू नये, असाही निर्देश आहे. शेक द्यायचा तो दवण्याच्या जातकुळीतल्या एका वनस्पतीच्या वाळल्या पानांचा. सुईला मुभा मिळाली ती पुढील काळात. आपल्या सुश्रुताने पाठीवर चौदा मर्मे सांगितली, त्यांपैकी कुकुंदर हे मर्म कमरेशीच, कण्याच्या दोन्ही बाजूंस आहे. मात्र तेथे आघात झाल्यास कमरेखालची संवेदना व हालचाल जाते, म्हणून शल्यविशारदाने ते जपावे, ही त्याची दृष्टी. एकाच प्रदेशाकडे एकाने उपचाराचे द्वार म्हणून पाहिले, दुसऱ्याने धोक्याचे स्थान म्हणून, आणि दोघांचेही निरीक्षण आदरास पात्र आहे.

सुया टोचण्याची ही चिनी विद्या भारतात आली ती स्नेहाच्या वाटेने. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे बिजयकुमार बसू होते. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच देह ठेवला; बसू परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन सूचिचिकित्सा शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात ती सुरू केली.

या सूचिचिकित्सेची जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर घेतलेली चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना, बिंदू सोडून वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि प्रचलित उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना आराम पडला. मणक्यांच्या काटेकोर मोजणीला हा निकाल फारसा अनुकूल नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे; दुखऱ्या जागेला कोणी तरी लक्षपूर्वक हात लावण्याचे बळ मात्र त्यात नाकारलेले नाही, आणि ‘लिंगशू’च्या कर्त्यांनी मोजणीनंतरही दाबून पाहण्याची अट घातली होती.