बूट क्रम

बूट क्रम म्हणजे संगणक सुरू होताना संचालन प्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम, प्रथम कोणत्या साधनावर शोधायची आणि ती तेथे न मिळाल्यास पुढे कोणते साधन तपासायचे, हे ठरवणारी यादी होय. हार्ड डिस्क, एसएसडी, पेनड्राइव्ह, डीव्हीडी ड्राइव्ह व नेटवर्क ही या यादीतील नेहमीची साधने होत.

पार्श्वभूमी

आयबीएमचा १९८१ सालचा पर्सनल कॉम्प्युटर प्रथम फ्लॉपी तपासत असे. ती नसल्यास रॉममधील बेसिक ही भाषा सुरू होई. पुढे हार्ड डिस्क आली, तरी पहिला मान बराच काळ फ्लॉपीकडेच राहिला. परिणामी ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी विषाणूबाधित असल्यास संगणक सुरू होताक्षणीच बाधा होई. १९९१ साली आढळलेला मायकेलअँजेलो हा विषाणू असाच पसरला. ६ मार्च रोजी संगणक सुरू केल्यास तो डिस्कवरील माहिती नष्ट करी. हार्ड डिस्कला क्रमात अग्रस्थान देणे हा त्यावरील सोपा उपाय होता.

रचना

जुन्या बायोस पद्धतीत साधनाचा पहिला ५१२ बाइटांचा भाग वाचला जातो. यादी सीमॉस स्मृतीत असते व ती मदरबोर्डवरील छोट्या बॅटरीवर टिकते. बॅटरी संपल्यास घड्याळाबरोबर बूट क्रमही मूळपदावर जाऊ शकतो. नव्या यूईएफआय पद्धतीत यादी वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत असते. तीत साधनाऐवजी 'विंडोज बूट मॅनेजर' यांसारखी प्रारंभक कार्यक्रमाची नोंदही दिसते.

बदलण्याची पद्धत

१. संगणक सुरू होताच एफ२, एफ१०, डिलीट किंवा निर्मात्याने नेमलेली अन्य कळ दाबून सेटअप उघडावा. विंडोजमध्ये शिफ्ट कळ दाबून 'रीस्टार्ट' निवडल्यास पुढील पर्यायांतूनही तेथे पोहोचता येते.
२. 'बूट' विभागात हवे ते साधन यादीत वर आणावे.
३. बदल जतन करून बाहेर पडावे.

एकदाच पेनड्राइव्हवरून सुरुवात करावयाची असल्यास कायमचा क्रम न बदलता बूट मेनू वापरावा. अनेक संगणकांवर त्यासाठी एफ१२ ही कळ असते.

सुरक्षितता

विंडोजचा पासवर्ड बूट क्रमापुढे अपुरा पडतो. पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू केल्यास कूटबद्ध नसलेल्या डिस्कवरील धारिका पासवर्डविना वाचता येतात. बिघडलेल्या संगणकातून माहिती वाचवण्याचा हाच मार्ग आहे आणि ती चोरण्याचाही. म्हणून अनेकांच्या वापरातील संगणकावर अंतर्गत डिस्क प्रथम ठेवून बाह्य साधने व बूट मेनू बंद करावेत, तसेच सेटअपला पासवर्ड द्यावा. डिस्क काढून नेल्यास मात्र केवळ कूटबद्धताच उपयोगी पडते. बिटलॉकर चालू असल्यास या बदलांनंतर पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते. ती आधीच अन्यत्र नोंदवून ठेवणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

बायोस
यूईएफआय
संचालन प्रणाली