कुंडीतील कंदवर्गीय फुलझाडांवरील चिलटे

कुंडीत लावलेल्या कंदवर्गीय फुलझाडांभोवती उडणारी बारीक, काळसर चिलटे बहुधा द्विपंखी गणातील सायरिडी कुलातील असतात. बागकामात त्यांना 'फंगस नॅट' किंवा बुरशी माशी म्हणतात. घरातील आणि हरितगृहातील कुंड्यांत ब्रॅडिसिया या प्रजातीतील माश्या विशेष आढळतात. याच कुलातील काही माश्या अळिंबीच्या लागवडीतही उपद्रवी ठरतात. प्रौढ माशी झाड कुरतडत नाही आणि माणसाला चावत नाही. अपाय होतो तो मातीतील अळीमुळे, आणि अळी वाढते ती सतत ओल्या राहणाऱ्या मातीत. त्यामुळे या किडीचे नियंत्रण मुख्यतः पाणी देण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते.

ओळख

प्रौढ माशी सुमारे २ ते ४ मिमी लांब असून तिचे पाय व शृंगिका लांब असतात. तिचे उड्डाण दुबळे असते. कुंडी हलवल्यास किंवा पाणी घातल्यास माश्या मातीवरून उठतात व लगेच पुन्हा बसतात. पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूस राहून रस शोषते, तर फळमाशी पिकलेल्या फळांभोवती घोटाळते. त्यामुळे या दोन्ही माश्या सहज वेगळ्या ओळखता येतात. बुरशी माशीची अळी पांढुरकी, अर्धपारदर्शक व पाय नसलेली असून तिचे डोके काळे व चकचकीत असते.

जीवनक्रम

मादी ओलसर मातीच्या पृष्ठभागावर किंवा भेगांत अंडी घालते. अळ्या मुख्यतः मातीच्या वरच्या काही सेंटिमीटर थरात राहतात व बुरशी, शेवाळ आणि कुजणारे सेंद्रिय पदार्थ खातात. कोषावस्थाही मातीतच पूर्ण होते. उबदार हवेत एक पिढी साधारण ३ ते ४ आठवड्यांत पूर्ण होते आणि एकाच कुंडीत सर्व अवस्था एकाच वेळी आढळू शकतात. म्हणून केवळ उडणाऱ्या माश्या मारल्याने प्रादुर्भाव थांबत नाही.

नुकसान

अळ्यांची संख्या वाढल्यास त्या मूळरोम व कोवळी मुळे खातात. पाने पिवळी पडणे, वाढ खुंटणे आणि माती ओली असूनही झाड मलूल दिसणे ही त्याची लक्षणे होत. पिथियम, फ्युजेरियम यांसारख्या रोगकारक बुरशींच्या प्रसारासही या माश्या हातभार लावतात.

निरोगी, टणक कंदात अळी सहसा शिरत नाही. कंदात अळ्या आढळल्यास कंद आधीच कुजू लागला असण्याची शक्यता अधिक असते. असा कंद मातीतून काढून दाबून पाहावा. कूज थोडी असल्यास मऊ भाग कापून, कंद सावलीत सुकवून नव्या मातीत लावता येतो. मुळे फुटण्याची तळाची चकती कुजली असल्यास मात कंद वाचण्याची आशा फारशी नसते.

नियंत्रण

कंदात अन्न व पाणी साठवलेले असल्याने ही झाडे मातीचा कोरडेपणा काही काळ सहन करतात. अळ्यांना तो सहन होत नाही. म्हणून वरची २ ते ३ सेंमी माती सुकल्यावरच पाणी द्यावे आणि कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. नुकताच लावलेला, पाने नसलेला कंद फार थोडे पाणी वापरतो. अतिरिक्त पाण्याची चूक बहुधा याच काळात होते. सुप्तावस्थेत पाणी आणखी कमी करावे. पावसाळ्यात निशिगंध किंवा हिप्पीएस्ट्रमच्या कुंड्या आडोशाला ठेवणे उपयुक्त ठरते.

पिवळे चिकट सापळे प्रौढ माश्या पकडतात व प्रादुर्भावाचा अंदाज देतात. मातीवर ठेवलेल्या कच्च्या बटाट्याच्या फोडीखाली दोन-चार दिवसांत अळ्या जमतात. त्यावरून त्यांचे अस्तित्व तपासता येते.

जैविक उपायांत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा इस्रायलेन्सिस हा उपप्रकार पाण्यातून मातीत देतात. डासांच्या अळ्यांसाठीही तोच वापरला जातो. पतंगवर्गीय अळ्यांसाठी मिळणारा कुर्स्ताकी हा उपप्रकार येथे उपयोगी पडत नाही. इस्रायलेन्सिसचा परिणाम फक्त खाणाऱ्या अळ्यांवर होतो व फार काळ टिकत नाही. त्यामुळे मात्रा पुन्हा द्यावी लागते. स्टाइनरनेमा फेल्टी हे सूत्रकृमीही अळ्यांचा नाश करतात. माती सतत ओली राहिल्यास मात्र कोणत्याही उपायानंतर माश्या पुन्हा उद्भवू शकतात.