बाया कर्वे : एका मातेचे ऋण

ज्ञातीच्या स्मरणिकेत आपण दरवर्षी थोर पुरुषांचे पुण्यस्मरण करतो. त्यांनी काढलेल्या संस्था, लिहिलेले ग्रंथ आणि मिळविलेले मानसन्मान यांचा उल्लेख आदराने होतो. आणि लेखाच्या शेवटी बहुधा एक वाक्य येते, की त्यांना त्यांच्या सहधर्मचारिणीची मोलाची साथ लाभली. त्या एका वाक्यात एका स्त्रीचे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य सामावलेले असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याविषयी आपल्या कोकणस्थ समाजाला वाटणारा अभिमान सार्थ आहे. परंतु त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया, यांचे ऋण आपण कधी मोजले आहे काय? ते ऋण दुहेरी आहे. त्यांनी समाजासाठी जे केले ते एक, आणि समाजाने त्यांना जे भोगावयास लावले ते दुसरे.

बायांचे माहेर देवरूखच्या जोशांचे. माहेरचे नाव गोदूबाई. आठव्या वर्षी नातूंच्या घरी त्यांचे लग्न लागले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. ज्या मुलीला पतीचा चेहराही नीट आठवत नव्हता, तिच्या वाट्याला त्या पतीच्या नावाने केशवपन, जाडेभरडे वस्त्र आणि सासरचे अहोरात्र कष्ट आले. हे दुर्दैव त्यांच्या एकटीचे नव्हते. आपल्यापैकी ज्यांची घरे कोकणात शेदीडशे वर्षांपूर्वी नांदती होती, त्यांच्या वंशावळीत अशी एखादी लाल आलवणातील आत्या किंवा काकू सापडेलच. फक्त तिचे नाव वंशावळीत लिहिलेले नसेल.

गोदूबाईंचे बंधू नरहरपंत हे कर्व्यांचे स्नेही. मुंबईत दोघांचे बिऱ्हाड एकत्र असे. नरहरपंतांनी बहिणीला तेथे आणले, आणि दि. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा त्या शाळेत दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाईच होत्या. विशीच्या पुढे गेलेल्या स्त्रीने पाटी-पेन्सिल हाती धरून मुळाक्षरे गिरवू लागणे, हेच त्या काळी मोठे धाडस होते. पुढे सदन पुण्यास आले. इकडे १८९१ साली अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाई निवर्तल्या आणि त्याच वर्षी अण्णा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी पुण्यास आले. विधुराने कुमारिकेशी लग्न करावे, ही जनरीत होती. अण्णांनी ती मोडली. दि. ११ मार्च १८९३ रोजी, सदन उघडल्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या.

विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कायद्याची मान्यता निराळी आणि पंक्तीची मान्यता निराळी. नवविवाहित दांपत्य मुरूडास गेले तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्व्यांना जे घर थारा देईल तेही बहिष्कृत, असा त्याचा आशय. ज्या गावाच्या हितासाठी अण्णांनी पूर्वी मुरूड फंड उभारला होता, त्याच गावात त्यांना स्वतःच्या आईच्या घरी राहण्याची सोय उरली नाही. ठराव करणारे कोणी परके नव्हते. ते आपलेच ज्ञातिबांधव होते, आणि आपापल्या परीने धर्मनिष्ठही होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना संकोच होतो, पण जो इतिहास केवळ आपली भूषणे मोजतो आणि दूषणे गाळतो, तो इतिहास नव्हे, ती भाटगिरी होय. बहिष्कार पुरुषाला बाहेरच्या जगात सोसावा लागतो. स्त्रीला तो सणावारी, हळदीकुंकवाला आणि बाळंतपणात, म्हणजे घराच्या उंबऱ्यावर रोज सोसावा लागतो. बायांचा पहिला मुलगा शंकर १८९४ साली जन्मला, तो अशा दिवसांत.

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. कॉलेजचे तास संपवून अण्णा चिखल तुडवीत हिंगण्यास पायी जात, रात्री तेथील विधवांना शिकवीत आणि सकाळी परत येत. हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु त्या रात्री पुण्यातील घरात लहान मुले उराशी घेऊन कोण जागत होते, हे त्या चित्रात दिसत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला आरंभी ७५ रुपये वेतन असे. त्यातूनही मोठा वाटा समाजकार्याकडे वळे. एवढेच नव्हे, तर आपल्या विम्याची पाच हजारांची पॉलिसीही अण्णांनी आश्रमाला देऊन टाकली. उद्या काही बरेवाईट झाले, तर मुलांचे काय, हा प्रश्न आईने विचारावयाचा नाही, तर कोणी? बायांनी तो विचारला, आणि चांगला कडक शब्दांत विचारला. त्या देवघरातील मूर्ती नव्हत्या, रोखठोक बोलणाऱ्या कोकणी गृहिणी होत्या. पण भांडण झाले तरी काटकसर थांबली नाही, आणि अण्णांच्या कार्याला त्यांनी घराच्या नावाखाली कधी अडसर घातला नाही. घरखर्चातील वाचविलेली पै न् पै ही आश्रमाला मिळालेली देणगीच होती. फक्त तिची पावती कोणी फाडली नाही.

याहून कठीण प्रसंग दुसरा होता. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता, पुनर्विवाहाच्या प्रचारासाठी नव्हता. आपल्या मुलीबाळी पाठविताना आईबापांना भीती वाटू नये, म्हणून अण्णांनी हे धोरण कटाक्षाने पाळले. त्याचा अर्थ असा, की ज्या संस्थेसाठी घर रिकामे होत होते, त्याच संस्थेपासून पुनर्विवाहित बायांना प्रारंभीची वर्षे दूर राहणे भाग पडले. त्यांच्याच धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले विधवा म्हणून आश्रमात आल्या, तिथल्या आधारस्तंभ झाल्या आणि पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. थोरली बहीण मात्र उंबऱ्याबाहेर. एका बहिणीला विधवा राहिल्यामुळे सेवेचा मार्ग मोकळा झाला, दुसरीला संसार थाटल्यामुळे तो काही काळ बंद झाला. बायांना याचे दुःख झाले नसेल, असे कोण म्हणेल? तरीही त्यांनी कडवटपणा धरला नाही. काळ पालटला, तसतशा त्याही संस्थेच्या झाल्या आणि तिच्यासाठी वर्गणीची झोळी घेऊन हिंडल्या.

मातेची परीक्षा मुलांवरून करावयाची झाल्यास, तीही येथे उतरते. सावत्र पुत्र रघुनाथराव यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढून समाजाचा रोष पत्करला. शंकरराव आफ्रिकेत डॉक्टर झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक व फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ म्हणून आणि ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. भास्करराव आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई यांनी हिंगण्याच्या संस्थेलाच वाहून घेतले. लोकांच्या निंदेला भिऊन कर्तव्य सोडावयाचे नसते, हा धडा या घराला पुस्तकातून मिळाला नव्हता.

वृद्धापकाळी बायांनी आपली हकीकत सांगितली आणि १९४४ साली ती ‘माझे पुराण’ या नावाने प्रसिद्ध झाली. उशिरा अक्षरओळख झालेल्या या स्त्रीने त्यात पतीची थोरवी मान्य केली आहेच. पण आपले हाल, राग आणि रुसवेही झाकून ठेवले नाहीत. १९५० साली त्या निवर्तल्या. १९५८ साली अण्णांना भारतरत्न मिळाले, तो दिवस पाहावयास त्या नव्हत्या.

आज हिंगण्याच्या त्या माळाच्या परिसराला कर्वेनगर म्हणतात आणि तेथे हजारो मुली शिकतात. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांतील आजी, आई व लेकी त्या संस्थांतून शिकून बाहेर पडल्या. ज्या समाजाने बायांना पंक्तीतून उठविले, त्याच समाजाच्या लेकींना त्यांच्या संसाराच्या ओढाताणीतून विद्या मिळाली. या उपकाराची फेड पुतळ्याने होणार नाही. ज्ञातिबंधुभगिनींना एवढीच विनंती, की आपापल्या घरातील वृद्ध मातांना त्यांचे पुराण विचारावे, ते जसेच्या तसे उतरून ठेवावे आणि वंशावळीत त्यांची नावे लिहावीत. आणि आजही एखाद्या घराने रूढीबाहेरचे पाऊल टाकले, तर मुरूडच्या त्या सभेची आठवण ठेवून मगच आपण मत द्यावे. बायांचे ऋण अंशतः तरी फिटावयाचे असेल, तर ते असेच फिटेल.