कुंथलगिरीचे छत्तीस दिवस

मंडळी, इच्छामरणाचा विषय निघाला की बोलणं थेट स्वित्झर्लंडला जातं. आम्ही आज आपल्याच जिल्ह्यात, भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीला थांबणार आहोत.

1955 सालचा पावसाळा. जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. दिगंबर जैन आचार्य शांतिसागर यांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. वय 83, नजर मंदावलेली. दिगंबर मुनीनं पाऊल टाकण्याआधी जमीन पाहायची आणि घास घेण्याआधी अन्न पाहायचं, जीव मरू नये म्हणून. डोळेच साथ देईनात, तर व्रत पाळायचं कसं? 14 ऑगस्टला सुरुवात झाली, 18 सप्टेंबरला त्यांनी देह ठेवला. छत्तीस दिवस. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम 309 तेव्हा होतं. पण त्यांना उचलून इस्पितळात कुणी नेलं नाही; लोक दर्शनाला आले.

आता जैन अभ्यासक म्हणतील, याला इच्छामरण म्हणू नका. दुःखातून सुटका हा सल्लेखनेचा हेतूच नव्हे. मान्य. आमचा मुद्दा वेगळा आहे. शांत डोक्यानं, सर्वांसमक्ष घेतलेल्या निर्णयाला समाजानं तिथे मान दिला. 1982 मध्ये पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध नाकारलं, तेव्हाही दिला. मग मोक्ष न मानणाऱ्या, कर्करोगानं जर्जर झालेल्या शिक्षकाला तोच मान का नाही? मानवतावाद्यांचं भांडण एवढंच आहे. मिनू मसानी यांनी 1981 मध्ये मुंबईत सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली, ती याच प्रश्नापायी.

केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांची गोष्ट आणखी अवघड. 1973 च्या हल्ल्यानंतर त्यांना स्वतःचं मत सांगताच येत नव्हतं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यासाठीची याचिका फेटाळली, कारण वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. त्याच निकालानं उपचार थांबवण्याची वाट मात्र उघडली. 2018 मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. डॉक्टरनं इंजेक्शन देऊन मरण देणं आजही गुन्हाच.

इथे आम्हाला स्वतःच्याच पक्षाला अडवावं लागतं. धाराशिवात हक्काच्या गप्पा मारताना शेतकऱ्याच्या आत्महत्या विसरून चालत नाही. कर्जापायी, किंवा ‘पोरांवर खर्च नको’ म्हणून जो उपचार नाकारतो, त्याची ती निवड नव्हे. तिथे दुसरा रस्ताच बंद केलेला असतो. वेदना शमवणारं औषध, सेवा, पैसा हे सगळं समोर असताना जो ‘नको’ म्हणतो, त्याचं ‘नको’ खरं. म्हणून पॅलिएटिव्ह केअरची मागणी आम्ही आधी करतो, कायद्याची नंतर.

2023 मध्ये न्यायालयानं प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही. इच्छापत्राची प्रत नगरपालिकेच्या किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची. श्रोत्यांपैकी कुणी आपल्या गावी अशी प्रत द्यायला गेलं असेल, तर काय उत्तर मिळालं ते प्रश्नोत्तरांत जरूर सांगावं.