पावती फाडण्याआधी जामखेड आठवा

रमजान आला की पावतीपुस्तके घेऊन माणसे दारात येऊ लागतात. मदरसा, अनाथाश्रम, दवाखाना. सगळेच गरजू. मग द्यायचे कुणाला?

जकातीचे हक्कदार कोण, ते कुरआनने सूरह तौबामध्ये आठ प्रकारांत सांगितले आहे. सदक्याची निवड मात्र आपल्यावर सोपवलेली आहे. ती करताना आपल्या जिल्ह्याचा इतिहास कामी येतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आधी वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. बरे होऊन गेलेले रुग्ण तेच आजार घेऊन परत येत. मूळ होते गढूळ पाण्यात आणि अर्ध्या पोटात. १९७० मध्ये जामखेडला गेल्यावर त्यांनी काम थेट गावात नेले. गावाने निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकी दलित होत्या. बाळंतपण, जुलाब, बाळाचा आहार हे सारे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भुकेल्याला आज भाकरी दिलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण संस्था निवडताना मी तीन गोष्टी विचारतो. हिशेब दाखवता का? ज्यांच्यासाठी काम करता, त्यांचे कारभारात ऐकले जाते का? आणि गेल्या वर्षीचे किती जण यंदा स्वतःच्या पायावर उभे आहेत?

खिसा रिकामा असेल तर आठवड्यातून एक तास एखाद्या मुलाला वाचायला शिकवा. तोही सदकाच आहे.