नाण्यावरचे भाषांतर

मिनँडरचा चांदीचा द्राख्म अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला हा यवन राजा. पाली ग्रंथांतला मिलिंद तो हाच. नाण्याच्या एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे: बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू. दुसऱ्या बाजूला वज्र फेकण्याच्या पवित्र्यातली अथीना, आणि तिच्याभोवती तोच मजकूर प्राकृतात, खरोष्ठी लिपीत: महरजस त्रतरस मेनंद्रस. खरोष्ठीत दीर्घ स्वर दाखवत नसत, म्हणून वाचायचे 'महाराजस त्रातारस'.

भाषांतर हा माझा व्यवसाय, त्यामुळे माझी नजर राजापेक्षा मजकुरावर आधी जाते. 'सोतेर' म्हणजे तारणारा, त्याचा झाला 'त्रातार'. इतर यवन राजांच्या नाण्यांवर 'निकेफोरोस'साठी, म्हणजे विजय आणणाऱ्यासाठी, 'जयधर' येतो. 'अनिकेतोस'साठी 'अपडिहत', आपला अप्रतिहत. टाकसाळीतल्या कुणा अनामिकाचे हे शब्द आजही उसने घ्यावेत असे आहेत. अडखळायला होते ते 'दिकाइओस'पाशी. ग्रीकात तो न्यायी, नाण्यावर मात्र 'ध्रमिक'. त्याआधी शतकाहून अधिक काळ, कंदाहारच्या शिलालेखात अशोकाचा 'धम्म' ग्रीकात गेला, तेव्हा त्याचा 'एउसेबेइआ' झाला होता, म्हणजे देवादिकांविषयीचा आदरभाव. जायची वाट एक, यायची दुसरी. 'धर्म' हा शब्द कुठल्याही भाषेत नेऊ पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

अथीनेचे नाव मात्र कुठल्याच लिपीत नाही. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवरही ती आणि तिचे घुबड असे, अक्षरे असत ती नगराची. तिथे तिची ओळख करून द्यायची गरजच नव्हती. तक्षशिलेच्या बाजारात ती होती. पदवीचे भाषांतर झाले, देवी तशीच पलीकडे पाठवली. खरोष्ठी वाचणाऱ्या वाण्याला ती कोण वाटली असेल? ग्रीकांच्या लेखी तिच्या हातातले वज्र तिच्या बापाचे, झ्यूसचे. आपल्याकडे वज्र म्हटले की इंद्र. माझ्या मते तिचे नाव न लिहिण्यातच सोय होती: ज्याने त्याने आपापले नाव द्यावे.

मिनँडरच्या आधीच्या अगाथोक्लीसने वेगळा मार्ग काढला होता. १९७० मध्ये अफगाणिस्तानात आय खानुम इथे फ्रेंच उत्खननात त्याची सहा चौकोनी चांदीची नाणी सापडली. त्यांवर देवच इथले आहेत. ग्रीक मजकुराच्या बाजूला नांगर आणि मुसळ घेतलेला संकर्षण, ब्राह्मी मजकुराच्या बाजूला शंख-चक्र घेतलेला वासुदेव. नावे इथेही नाहीत. ओळख पटते ती आयुधांवरून. (नाणेघाटातल्या सातवाहन लेखाच्या आरंभीच्या नमनातही ही जोडी येते, आणि तिथेही थोरला भाऊ आधी.)

टाकसाळीतला तो 'त्रातार' पुढे दगडावरही चढला. विदिशेजवळ बेसनगरला तक्षशिलेच्या हेलिओडोरसने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. तो यवन राजा अंतलिकिताचा वकील म्हणून आला होता, पण स्वतःला भागवत म्हणवतो. प्राकृतातल्या त्या लेखात 'त्रातार' ही पदवी त्याने यजमान राजाला, भागभद्राला, दिली आहे. स्वतःच्या राजाला तो नुसते 'महाराज' म्हणतो.