पानिपत १५२६ : पटावरचा इब्राहिम हल्ला का करीत नाही?

१/ पानिपत म्हटले की मराठी मनात १७६१ उभे राहते. हा धागा मात्र त्याच्या २३५ वर्षे आधीच्या पानिपताचा आहे : एप्रिल १५२६, बाबर विरुद्ध इब्राहिम लोदी. या लढाईवर टेबलावर खेळता येईल असा युद्धपट रचताना एका प्रश्नाने मला बरेच दिवस अडवून ठेवले. तो प्रश्न येथे मांडत आहे.

२/ युद्धपट म्हणजे नकाशा, तुकड्यांच्या सोंगट्या, फासे आणि नियम. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असा खेळ वापरात आला. लढाईचे वर्णन करताना ‘मग पराभव झाला’ एवढे लिहून पुढे जाता येते. पटावर ते चालत नाही. तेथे पराभवाचे कारण नियम म्हणून लिहावे लागते.

३/ आपले मुख्य साधन म्हणजे बाबरनामा : चगताई तुर्कीत लिहिलेली, खुद्द विजेत्याची आठवण. सिंधू ओलांडताना आपली माणसे लहानथोर धरून १२,००० भरली, असे बाबर लिहितो. इब्राहिमचे सैन्य एक लाख आणि हत्ती हजाराच्या आसपास, हा त्याचा अंदाज. पहिला आकडा मोजणीचा आहे, दुसरा शत्रूने बांधलेल्या अटकळीचा. हा फरक ध्यानात ठेवावा.

४/ बाबरची मांडणी अशी : उजव्या बाजूस पानिपत गाव, डाव्या बाजूस खंदक आणि तोडलेल्या फांद्यांचे अडथळे. समोर सुमारे ७०० गाडे, कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकांस जखडलेले. त्यांच्या आडोशाला बंदूकधारी. मध्ये मोकळ्या वाटा, जेथून शे-दीडशे स्वार एकदम बाहेर पडू शकतील. दोन्ही टोकांना शत्रूला वळसा घालण्यासाठी राखलेल्या घोडदळाच्या तुकड्या. या डावपेचाचे नाव तुलुगमा.

५/ पट मांडला, सोंगट्या लावल्या आणि पहिल्याच डावात सारी रचना कोसळली. इब्राहिमच्या बाजूने बसलेला मित्र हललाच नाही. ‘समोर गाडे आहेत, मागे बंदुका आहेत. मी का जाऊ?’ त्याचे म्हणणे बिनतोड होते. पण त्याला निकाल ठाऊक होता. इब्राहिमला तो ठाऊक नव्हता.

६/ ‘इब्राहिमने हल्ला केलाच पाहिजे’ असा नियम करणे सोपे होते. बाबरही त्याला अननुभवी तरुण म्हणतो. परंतु असा नियम केला की विजेत्याचा शेरा आपला निष्कर्ष होऊन बसतो. म्हणून प्रश्न उलटा विचारला : आठवडाभर न हललेला सेनापती एका सकाळी का हलला असावा?

७/ पहिले उत्तर दरबारात सापडते. १५१७ मध्ये गादीवर आलेल्या इब्राहिमचे आपल्याच अफगाण सरदारांशी पटत नव्हते. पंजाबचा दौलतखान लोदी बाबराकडे वळला होता. चुलता आलमखान तर दिल्लीवर चालून आला होता. म्हणून नियम केला : इब्राहिम जितके दिवस स्वस्थ बसेल, तितक्या वेळा सरदारांच्या निष्ठेचा फासा टाकायचा. वाट पाहण्यालाही आता किंमत आली.

८/ दुसरे उत्तर रात्रीच्या छाप्यात. बाबरने चार-पाच हजार माणसे लोदी छावणीवर पाठविली आणि तो छापा फसला. इब्राहिमला यातून शत्रू दुबळा वाटला असेल, हा माझा तर्क. पण पटावर तो खरा वाटतो. छापा फसताच मित्राने आपणहून सोंगट्या पुढे सरकविल्या!

९/ आता बाबरनाम्यातील सर्वांत मोलाचा तपशील. लोदी सैन्य वेगाने, न थांबता चालून आले. बाबरची फळी समोर दिसताच ते घुटमळले. थांबावे की पुढे जावे? त्यावरून नियम : थांबण्याचा हुकूम पिछाडीस एक पाळी उशिरा पोहोचतो. तोवर मागच्या सोंगट्या पुढच्यांवर येऊन आदळतात, आणि एका घरात दाटी झाली की कोणालाच नीट लढता येत नाही.

१०/ तोफांबद्दलही माझा एक समज गळून पडला. आरंभी मी त्यांना भरमसाट गुण दिले होते. गाडेच सारी लढाई जिंकू लागले आणि घोडदळाला काम उरले नाही. बाबरनाम्यात उस्ताद अलीकुली आणि मुस्तफा यांच्या तोफांचा उल्लेख आहेच. पण शत्रूच्या पाठीशी जाऊन बाण सोडणाऱ्या तुलुगमा तुकड्यांचे कामही तितकेच ठळक आहे. तोफांचे गुण कमी केले, तेव्हा गाड्यांचे खरे काम दिसले : शत्रूला समोर अडवून धरणे.

११/ मग लाखाचे काय? इब्राहिमच्या सोंगट्या निम्म्या करून पाहिल्या, तरी डावाचा कल फारसा बदलला नाही. अरुंद आघाडीवर जे पुढे असतात तेच लढतात. उरलेले दाटी वाढवितात. यातून बाबरचा आकडा खरा की खोटा हे ठरत नाही. पराभवाचे स्पष्टीकरण त्या आकड्यावर अवलंबून नाही, एवढे मात्र कळते.

१२/ ती लढाई सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत संपली आणि इब्राहिम रणांगणावरच मारला गेला. माझ्या पटावर एकदा तो जिंकला. खेळणाऱ्याने गाड्यांपासून दूरच सैन्य थोपविले, पिछाडीला मागे वळण्यास वेळ दिला आणि वळसा घालणाऱ्या तुकड्यांवर राखीव स्वार सोडले. त्या दिवशी रचना जमली असे वाटले. हरणाऱ्याला जिंकण्याची वाटच नसेल, तर आपण इतिहास मांडत नसून फक्त निकाल वाचून दाखवीत असतो.

१३/ आपण इब्राहिमच्या जागी बसलात, तर सरदारांचा फासा किती दिवस सोसाल? उत्तरे खाली लिहा. पुढील डाव त्यांवरच खेळू. धागा समाप्त.